बदलत्या हवामानात आरोग्य सांभाळायचं तर: एका वहीची तयारी

ताप, जुलाब, चक्कर, दम. हवामानबदलाचा फटका बसलेली माणसं दवाखान्यात याच तक्रारी घेऊन येतात. केसपेपरवर ‘हवामानबदल’ असं निदान कोणी लिहीत नाही, म्हणून हा विषय हिमनगांच्या आणि परिषदांच्या बातम्यांतच अडकून पडतो. रोग बहुतेक जुनेच आहेत. बदललंय ते त्यांचं वेळापत्रक आणि त्यांचा पत्ता. ज्या महिन्यांत डास नसायचे त्या महिन्यांत ते दिसतात, ज्या उंचीवर पोचत नसत तिथे पोचतात. उकाडा रात्री उतरायचा, तो आता पहाटेपर्यंत भिंतींत मुक्काम ठोकतो.

२०२४ हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष. कुपोषण, मलेरिया, अतिसार आणि उष्णता या चारच कारणांनी २०३० ते २०५० या काळात वर्षाला सुमारे अडीच लाख जादा मृत्यू होतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे एका घरानं करायचं तरी काय? माझं उत्तर अगदी साधं आहे: एक शंभर पानी वही घ्यायची. आरोग्याच्या आपल्या सवयी जुन्या ऋतूंवर बेतलेल्या आहेत. त्या नव्यानं बेतायच्या तर आधी लिहून काढाव्या लागतात.

पहिलं पान: माणसं

सुरुवात तापमानापासून करू नका, माणसांपासून करा. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, आजार आणि चालू औषधं लिहा. मग शेजारची एकटी राहणारी माणसं त्याच यादीत घाला. ही शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

२०२१ च्या जून अखेरीस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची लाट आली. लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. त्या आठवड्यात प्रांतात उष्णतेनं ६१९ माणसं दगावली. नंतरच्या चौकशीत दिसलं की त्यांतली ९८ टक्के माणसं उन्हात नव्हे, चार भिंतींच्या आत गेली होती. निम्म्याहून जास्त जण एकटे राहत होते आणि दोन तृतीयांश जण सत्तरीच्या पुढचे होते. १९९५ च्या जुलैत शिकागोत सातशेहून जास्त माणसं गेली, तिथेही एकट्या वृद्धांचं प्रमाण मोठं होतं. म्हणून मी तर म्हणेन, एकटेपणा हा आजारांच्या रकान्यातच लिहा.

यादीत ज्यांच्या नावापुढे खूण करायची ते असे: तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया, साठीच्या पुढचे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, मधुमेहाचे आणि दम्याचे रुग्ण, मानसिक आजारावर औषधं घेणारे, आणि उघड्यावर किंवा भट्टीजवळ काम करणारे. आता औषधांकडे वळा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. रक्तदाबाची काही औषधं, मानसिक आजारावरची काही औषधं आणि ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या घाम, तहान किंवा रक्ताभिसरण यांत ढवळाढवळ करतात. लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध घेणाऱ्यांच्या शरीरात पाणी कमी पडलं तर औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. यातली एकही गोळी मनानं बंद करायची नाही. उकाडा सुरू होण्याच्या महिनाभर आधी यादी घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: “कडक उकाड्याच्या दिवसांत यातलं काही बदलायचं का?”

दुसरं पान: रोजचे दोन आकडे

बातम्यांतला पारा हा कुठल्यातरी वेधशाळेच्या सावलीतला असतो. तुमच्या खोलीचा आकडा वेगळाच असतो. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं यंत्र झोपायच्या खोलीत ठेवा. रोज दोन नोंदी करा: झोपताना एक, उठल्यावर एक.

आर्द्रता कशासाठी, तर शरीर थंड होतं ते घाम येण्यामुळे नाही, घाम वाळण्यामुळे. हवेतच दमटपणा भरलेला असेल तर घाम नुसता ओघळतो, उष्णता मात्र आतच राहते. शास्त्रज्ञ याचं मोजमाप ‘ओल्या फडक्याच्या तापमाना’नं करतात, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर दिसणारा आकडा. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २४ च्या आसपास येतो. ३५ अंश आणि ७५ टक्के असेल तर तो ३१ पर्यंत चढतो. बातमीत पहिला दिवस ‘भयंकर’ ठरतो, दुसऱ्याकडे कोणी बघतही नाही. ओल्या फडक्याचं ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची सैद्धांतिक मर्यादा मानली जायची. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगांत मात्र दमट हवेत, धडधाकट तरुणांच्याही शरीराचं गणित ३१ च्या आसपासच कोलमडू लागलं. याचा अर्थ कोरडे ४२ अंश सुरक्षित आहेत असा नाही. त्यात पाणी झपाट्यानं उडतं, घाम पुरेसा पडत नाही आणि मारा वेगळ्या बाजूनं होतो.

सकाळची नोंद ही माझ्या मते सगळ्या वहीतली सर्वांत बोलकी. दिवसभर ताण सोसलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला उसंत मिळते ती रात्री. खोली पहाटेसुद्धा तापलेलीच असेल तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात कालच्या थकव्यावर होते आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा लागतो. सकाळचा आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस चढता दिसला, की खूण केलेल्या माणसांसाठी पुढच्या पानावरची व्यवस्था सुरू करायची. सरकारी इशारा यायची वाट बघू नका.

इशाऱ्यांना नावं ठेवायचा मात्र हेतू नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहरानं २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा आणला. इशारा, दवाखान्यांची तयारी आणि पाण्याची सोय एकत्र बांधली की माणसं वाचतात. तुमच्या शहराचा असा आराखडा असेल तर त्यातले फोन नंबर आणि थंड निवाऱ्याची ठिकाणं याच पानावर उतरवून ठेवा.

तिसरं पान: एक खोली थंड ठेवायची

सगळं घर थंड करायच्या नादी लागू नका. एकच खोली निवडा. वरच्या मजल्यापेक्षा खालची बरी, पश्चिमेपेक्षा उत्तरेची बरी. उन्हाला खिडकीच्या बाहेरच अडवा. काचेच्या आत लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता घरात शिरलेली असते. बाहेरून बांबूची चटई, ताडपत्री, जुनी चादर, काहीही चालेल. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडक्या बंद ठेवा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की समोरासमोरच्या सगळ्या उघडा. दिवसा खिडक्या उघड्या टाकून ‘जरा हवा येऊ दे’ म्हणणं ही मोडायला फार अवघड सवय आहे, हे मी स्वतःवरून सांगतो. छताला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला तर वरच्या मजल्याला चांगलाच फरक पडतो.

पंख्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. खोली चाळीस अंशांच्या वर गेली की तो अंगावर गरम हवेचा झोत सोडतो आणि शरीर उलट तापतं. वृद्धांना घाम कमी येतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली धरा. अशा वेळी अंग आणि कपडे ओले ठेवा. कोपरापर्यंतचे हात साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून दहा-पंधरा मिनिटं बसलं तरी चांगला आराम पडतो.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत ठेवायचं नाही. यावर चर्चाच नको.

चौथं पान: उष्माघाताचा पहिला अर्धा तास

हे पान मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवा.

दमणूक आणि उष्माघात यांतला फरक डोक्यात आहे. खूप घाम, मळमळ, डोकेदुखी, पायांत गोळे, पण माणूस नीट बोलतोय, तर ही दमणूक. सावली, ओलं अंग, घोटघोट पाणी, विश्रांती. तासाभरात उतार पडला नाही तर दवाखाना. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. ‘कातडी कोरडी पडली की उष्माघात’ हे जुनं वाक्य विसरा. काम करता करता कोसळलेल्या माणसाला घामाच्या धारा लागलेल्या असू शकतात.

मग क्रम असा. एकानं रुग्णवाहिकेला फोन करायचा. दुसऱ्यानं त्याच क्षणी गार करायला सुरुवात करायची, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत न्या, जास्तीचे कपडे काढा. टब किंवा मोठं घमेलं असेल आणि डोकं वर धरणारं कोणी असेल तर गार पाण्यात बसवा. नसेल तर सर्वांगावर पाणी ओतत राहा, ओली फडकी बदलत राहा आणि जोरात वारा घाला. मान, काखा आणि जांघा इथे बर्फ ठेवा. शरीराचं आतलं तापमान चाळीसच्या खाली जितक्या लवकर येईल तितकं बरं. अर्ध्या तासाच्या पुढचं प्रत्येक मिनिट मेंदूला, यकृताला आणि मूत्रपिंडाला महाग पडतं.

शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी द्यायची नाही. हा ताप जंतूंचा नसल्यामुळे पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य आणि यकृतावर भार मात्र पडतो.

पाचवं पान: उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी

शरीराला उष्णतेची सवय लागायला एक ते दोन आठवडे जातात. कामावर मृत्यू होतात ते बरेचदा पहिल्या काही दिवसांतच, नवख्या माणसांचे. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण पाळीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच उन्हातलं काम द्यायचं आणि रोज तेवढंच वाढवत न्यायचं. जुना माणूस आठवड्याच्या रजेवरून आला तरी त्याला पहिल्या दिवशी निम्म्यावरच ठेवायचं. मुकादमाला हा हिशोब आवडणार नाही, तरी लिहून दाखवा.

तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको, कारण नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडं निकामी होण्याची साथच दिसली. तापत्या हवेत, पुरेसं पाणी न पिता केलेली अंगमेहनत हे त्यामागचं एक प्रमुख कारण मानलं जातं. म्हणून उन्हात काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी, रक्ततपासणी करून आकडा वहीत नोंदवावा.

सहावं पान: डासांचा वार

डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार नको असतं. घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी त्याला पुरतं. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात. आता तापमानाचा डाव बघा. हवा उबदार असली की अळ्या लवकर वाढतात, डास जास्त वेळा चावतो आणि त्याच्या पोटात गेलेला विषाणू लवकर तयार होऊन लाळेत उतरतो. डास काही आठवडेच जगतो, त्यामुळे विषाणूला दोन-तीन दिवस कमी लागले तरी रोग पसरवू शकणाऱ्या डासांची संख्या कितीतरी वाढते. डेंगीचा प्रसार २९ अंशांच्या आसपास सर्वांत जोमानं होतो, मलेरियाचा २५ च्या आसपास. म्हणून तापत्या जगात मलेरिया डोंगर चढतो आणि सपाटीवर डेंगी बळावतो. पाऊस कमी झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. टंचाईत माणसं पिंपं भरून ठेवतात आणि एडिसला तेच हवं असतं.

सात दिवसांचं चक्र मोडायचं तर आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो वर्षभर पाळा. ‘फक्त पावसाळ्यात’ ही अट आता काढून टाका. त्या दिवशी पिंपं, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचं भंगार आणि टायर असा फेरा मारायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने तग धरतात, म्हणून कड घासायची. टाकीचं झाकण घट्ट बसत नसेल तर बारीक जाळी बांधा. हा डास सहसा काही शे मीटरच्या पलीकडे उडत नाही. तुमच्या घरात चावणारा डास बहुधा तुमच्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो. त्यामुळे सगळ्या गल्लीचा वार एक असेल तरच या कष्टांचं चीज होतं. एडिस दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

ताप आला तर तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंगीत खरी जोखीम ताप उतरताना असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. घरचे सुटकेचा श्वास टाकतात तेव्हाच पोटात जोरात दुखू लागतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं किंवा रुग्ण मलूल होतो. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच रुग्णालय.

सातवं पान: पाणी चढतं तेव्हा

हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग तेच पाणी थोड्या तासांत धो धो कोसळतं आणि गटार, विहीर, नळ एकमेकांत मिसळतात. पुरानंतर नळाचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळूनच प्या. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात आणि लिहिलेला वेळ थांबून. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळा, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

जुलाब सुरू झाले तर क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं वापरा. मिळाली नाहीत तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर बाळाला अपाय होतो.

पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर तारीख वहीत लिहा. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, साधारण एक-दोन आठवड्यांनी, कधी महिनाभरानंही उपटतो, आणि तोवर आपण ते पाणी विसरलेलो असतो. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं, लाल डोळे अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना ती तारीख दाखवा. निदान वेळेत व्हायला तिची मोठी मदत होते. प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. पाणी ओसरल्यावर भिंतींना बुरशी धरते, ती नाक-तोंड झाकून साफ करा. जनरेटर कधीही घरात किंवा खिडकीजवळ लावू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

आठवं पान: श्वास आणि औषधं

वणव्याचा धूर शेकडो किलोमीटर येतो. अशा दिवशी पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा बघून खिडक्या बंद करा, बाहेर जाताना नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. कापडी मास्क त्या कणांना अडवत नाही. परागकणांचा हंगामही अनेक ठिकाणी लांबला आहे. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये वादळानं परागकण फुटून हवेत पसरले आणि काही तासांत हजारो लोकांना दम लागला, दहा जण दगावले. त्यांतल्या पुष्कळांना दमा असल्याचं आधी माहीतही नव्हतं, फक्त दर हंगामाला शिंका यायच्या. घरात असं कोणी असेल तर वादळाच्या आधीच दारं-खिडक्या लावा आणि इनहेलर कुठे ठेवलाय ते पानावर लिहा.

वीज जाईल तेव्हा इन्सुलिन कुठे ठेवणार, हेही आत्ताच ठरवा. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतात, नेमके दिवस पाकिटावर असतात. फ्रिज बंद पडला तर ओल्या मातीच्या भांड्याचा उपयोग होतो, फक्त कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरडी ठेवा. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

शेवटचं पान: फोनची साखळी

पहिल्या पानावरच्या एकट्या माणसांपुढे एकेक नाव लिहा, फोन कोण करणार त्याचं. लाटेच्या दिवसांत दोन फोन, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. संध्याकाळचा चुकवू नका, कारण भिंती तापलेल्या असतात आणि रात्र पुढे असते. “कसे आहात?” असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी “बरं आहे” असंच येतं. विचारा: यंत्रावर आकडा किती दिसतोय? शेवटची लघवी कधी झाली? आज वार कोणता? तिसऱ्या प्रश्नावर नेहमी खणखणीत बोलणारं माणूस घुटमळलं, तर फोन ठेवून चावी घ्यायची आणि निघायचं. म्हणून त्यांच्या घराची एक चावी याच पानाला चिकटवलेल्या पाकिटात आधीपासून ठेवलेली असू द्या.